गर्भपिशवी काढू का? आणि आत्याबाईंना कुठं नेऊ?

पत्र (थोडं आटोपतं करून)

डॉक्टरबाई, नमस्कार. मी केज तालुक्यातली, वय ३४, बारावी शिकलेली. लग्नानंतर बरीच वर्षं आम्ही नवराबायको आणि आत्याबाई (माझ्या सासूबाई) कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला जायचो. २०१९ च्या दिवाळीनंतर सांगलीकडं फडात असताना आत्याबाईंच्या अंगावरून जायला लागलं. त्यांची पाळी जाऊन सात-आठ वर्षं झालेली. तिथल्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या. थांबलं, परत लागलं. मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेतलेली होती, मधूनच गावी येता येईना. मग लॉकडाऊन लागला. एप्रिलात गावी आलो तर चौदा दिवस शाळेत ठेवलं. घरी आल्यावर नवरा म्हणत होता आंबेजोगाईला दाखवू. मीच म्हणाले, साथ सरू द्या, घरात लहान लेकरू आहे. जूनमध्ये रक्त थांबेना तेव्हा नेलं. तुकडा तपासला, पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघाला. औरंगाबादला शेक (रेडिएशन) सुरू झाले, अर्ध्यावर त्यांना कोरोना झाला आणि तीन आठवडे शेक बंद पडले. नंतर पुरे केले, आतून पण दिले. दुसऱ्या लाटेपर्यंत तपासणीला गेलो, मग कुणी नेलंच नाही. आता पाच वर्षं उलटून गेली. महिना झाला डावा पाय सुजतोय, कंबर दुखते. भाऊजी म्हणतात, तेव्हा खंड पडला म्हणजे उलटणारच होतं, आता पैसे घालून उपयोग नाही. मी थांबवलं म्हणून हे झालं का? अजून एक. मला पांढरं जातं. इथले एक डॉक्टर म्हणाले, सासूला होता, तुम्हालाही होईल, दोन लेकरं झालीत, पिशवी काढून टाका. काढू का? – एक वाचक

उत्तर

ताई,

तुम्ही पाच वर्षांपूर्वीचं सगळं तारीखवार लिहिलंत आणि पाय सुजल्याचं एका वाक्यात आटोपलंत. मी आधी पायाचंच घेते, कारण त्याला थांबायला वेळ नाही.

एकच पाय सुजतो तेव्हा तीन शक्यता डोक्यात ठेवाव्या लागतात. पहिली, पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी. कॅन्सर होऊन गेलेल्या माणसात ही शक्यता जास्त असते, आणि गुठळी सुटून फुफ्फुसात गेली तर जिवावर बेततं. दुसरी, ओटीपोटावर घेतलेल्या शेकांचा उशिरा दिसणारा परिणाम. तिथल्या लसवाहिन्या (अंगातलं जास्तीचं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) आखडतात आणि पायातलं पाणी वर चढत नाही. हे उपचारानंतर काही वर्षांनीही सुरू होऊ शकतं. तिसरी, आजार परत आला आहे आणि आतल्या गाठी शिरेवर दाबतायत. पाच वर्षं निभावली ही आत्याबाईंच्या जमेची बाजू, कारण हा आजार परतायचा असला तर बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन वर्षांतच परततो. पण कंबरदुखी आणि एका पायाची सूज जोडीनं आली, की तो परत आलाय का हे आधी बघायचं असतं. मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. आणि भाऊजींसारखा न तपासता निकालही देणार नाही.

या आठवड्यातच त्यांना आंबेजोगाईला स्वारातीत, म्हणजे स्वामी रामानंद तीर्थ सरकारी रुग्णालयात न्या. पायाची डॉपलर सोनोग्राफी (शिरेतलं रक्त नीट वाहतंय का ते दाखवणारी), पोटाची सोनोग्राफी आणि रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चालतंय ते सांगणारं) करा. पोटाची सोनोग्राफी कशाला, तर गाठीमुळे किंवा शेकांमुळे लघवीची नळी आवळली गेली असेल तर मूत्रपिंड फुगलेलं दिसतं, आणि कंबर दुखण्याचं ते एक कारण असतं. यासोबत आतून तपासणी झालीच पाहिजे. नेमकी तीच सगळ्यात जास्त वेळा टाळली जाते. पेशंट लाजतं, डॉक्टर घाईत असतो, आणि सोनोग्राफीचा कागद हातात पडला की सगळ्यांनाच वाटतं काम झालं. तुम्ही स्वतः आत जा आणि सांगा, ‘यांना पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होऊन गेलाय, आतून बघा.’ दम लागला, छातीत दुखलं किंवा लघवी एकदम कमी झाली तर ठरलेल्या दिवसाची वाट न बघता त्याच तासाला निघा. आणि रोज रात्री तेल लावून पाय चोळून देत असाल तर आजपासून बंद. गुठळी असली तर चोळण्यानं ती सुटू शकते.

पुढचं काम कॅन्सरच्या दवाखान्याचं. जुनी फाईल जिथली आहे तिथं जाणं सगळ्यात बरं, कारण किती शेक कुठं दिले याचा हिशेब त्यांच्याकडं असतो, आणि एकदा शेकलेल्या जागी परत काय करता येईल ते त्यावरच ठरतं. संभाजीनगर लांब पडत असेल तर तुमच्याकडून कळंबमार्गे बार्शीला नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय जवळ आहे. मात्र फाईल सोबत हवीच. ती सापडत नसेल तर शेक संपल्यावर दिलेला एक कागद तरी शोधा. त्यावर ‘ग्रे’ किंवा ‘सीजीवाय’ या शेक मोजायच्या मापांत आकडे असतात. लोक एक्स-रे जपून ठेवतात आणि नेमका हा कागद रद्दीत घालतात. मिळाला की लगेच मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा.

खर्चाचंही सांगते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना मे २०२० मध्ये राज्यातल्या सगळ्या रहिवाशांना खुली झाली आणि २०२३ मध्ये तिची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपये करण्याचा निर्णय झाला. कॅन्सरची शस्त्रक्रिया, केमो, शेक हे त्यात बसतं. रेशनकार्ड आणि आधार घेऊन दवाखान्यात या योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राला भेटा. १५५३८८ वर फोन करूनही विचारता येतं. एसटीला बायकांना अर्धं तिकीट आहेच. म्हणजे भाऊजींच्या ‘पैसे घालून’मधला मोठा भाग त्यांच्या खिशातून जाणारच नाही. आणि ‘उपयोग नाही’बद्दल म्हणाल, तर समजा आजार परत आलेला निघाला, तरी केमो आहे, निवडक पेशंटना शस्त्रक्रिया आहे, आवळलेल्या लघवीच्या नळीत स्टेंट (ती उघडी ठेवणारी बारीक नळी) बसवता येतो आणि दुखण्यावर मॉर्फिनच्या गोळ्या आहेत. बाईला रात्री कंबर न दुखता झोप लागली तर तो उपयोग नाही का? भाऊजींना हा प्रश्न माझ्या नावानं विचारा.

आता खंडाचं. पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरला बाहेरून साधारण २५ शेक, सोबत आठवड्याला एक केमो, आणि शेवटी आतून तीन-चार वेळा शेक, असा क्रम असतो. हे सगळं आठ आठवड्यांत उरकावं असा नियम आहे. मधे थांबलं की उरलेल्या पेशी खुरपण अर्धवट टाकलेल्या रानातल्या तणासारख्या उठतात. आठ आठवड्यांपुढच्या दर जादा दिवसामागे आजार काबूत येण्याची शक्यता साधारण अर्धा ते एक टक्क्यानं घटते, असं अभ्यासांत दिसलेलं आहे. तीन आठवडे म्हणजे नुकसान झालंच, ते मी नाकारत नाही. पण भाऊजींनी त्यातून काढलेला अर्थ चूक आहे. शक्यता घटली होती, संपली नव्हती. खंड पडला तर शेकाचे डॉक्टर उरलेला हिशेब नव्यानं मांडतात, जादा शेक देतात, कधी दिवसातून दोनदा देतात. त्या बाईनं कोरोनातून उठून राहिलेले शेक पुरे केले, आतले पण घेतले, आणि त्यावर पाच वर्षं काढली. उलटणारच होतं म्हणणाऱ्यानं ही वर्षं मोजलेली दिसत नाहीत.

तुमचा प्रश्न असा की, मी थांबवलं म्हणून झालं का.

तुमच्या तारखा परत बघा. लॉकडाऊन २४ मार्च २०२० च्या मध्यरात्री लागला. तुम्ही एप्रिलच्या उत्तरार्धात गावी पोचलात, त्यात शाळेतले चौदा दिवस गेले. तुमच्या म्हणण्यानं थांबले ते फार तर पाच-सहा आठवडे. त्या दिवसांत तुमच्यासारखा विचार अख्खा देश करत होता. नॅशनल कॅन्सर ग्रिड या देशभरातल्या कॅन्सर रुग्णालयांच्या जाळ्यातल्या ४१ रुग्णालयांनी मार्च ते मे २०२० चे आकडे आधीच्या वर्षाच्या त्याच महिन्यांशी ताडून पाहिले. कॅन्सरच्या नव्या पेशंटची नोंदणी १,१२,२७० वरून ५१,७६० वर आली होती. म्हणजे ५४ टक्के घट. मोठ्या शस्त्रक्रिया जवळपास निम्म्यावर आल्या. शेक त्यामानानं कमी घटले, २३ टक्के. हे पेशंट काही बरे झाले नव्हते. ते घरी बसले होते. जिल्ह्याबाहेर जाणारी एसटी २० ऑगस्टपर्यंत बंद होती. तोवर बीड जिल्ह्यातून संभाजीनगरला जायचं तर ई-पास काढायचा, गाडी भाड्यानं करायची आणि चेकपोस्टवर फाईल उघडून दाखवायची. तुम्ही लोकांनी हे शेकांसाठी केलंत. यात निष्काळजीपणा मला तरी दिसत नाही.

दवाखान्याची भीती मात्र गरजेपेक्षा मोठी होती, हेही सांगायला हवं. मुंबईच्या टाटा रुग्णालयानं २३ मार्च ते ३० एप्रिल २०२० या काळात कॅन्सरच्या ४९४ मोठ्या शस्त्रक्रिया केल्या आणि शस्त्रक्रियेनंतर एकही मृत्यू झाला नाही. पण हे शोधनिबंधात छापून आलं, तुमच्या वस्तीवर कोण सांगणार होतं? तिथं फोन लावला की आधी खोकल्याची रेकॉर्ड वाजायची.

त्या काळात बायकांच्या सगळ्याच कॅन्सरना सारखी घाई केली नाही, हे कळलं तर तुम्हाला बरं वाटेल. अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये आधी केमो देऊन शस्त्रक्रिया पुढं ढकलता येते, तसं अनेक ठिकाणी केलं. पिशवीच्या अस्तराचा अगदी सुरुवातीचा, सौम्य कॅन्सर हार्मोनच्या गोळ्यांवर किंवा हार्मोनच्या लूपवर काही महिने धरून ठेवता येतो. पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरला मात्र असा थांबा नाही. म्हणून आत्याबाईंचा कोरोना ओसरताच त्यांना परत शेकाच्या टेबलावर घेतलं.

आणि खरा उशीर, ताई, कोरोनाच्या आधीचा आहे. पाळी जाऊन वर्षं झालेल्या बाईच्या अंगावरून रक्त जातंय, आणि तिला आतून न बघता गोळ्या दिल्या जातात. दिवाळीपासून मार्चपर्यंतचे महिने त्यात गेले. ते तुमच्यामुळे गेले नाहीत. उचल फिटल्याशिवाय फड सोडता येत नाही, खाडा झाला तर पैसे कापतात, आणि बाईचं दुखणं मुकादमाच्या हिशेबात कुठंच धरलेलं नसतं. सगळं कोरोनावर ढकललं की ही माणसं सुटतात, म्हणून मला ते ढकलणं पटत नाही. विषाणूनं जे आधीच मोडकं होतं ते पुरतं मोडलं.

आता तुमची पिशवी. काढू नका. निदान त्या डॉक्टरांनी सांगितलेल्या कारणासाठी तरी नाही.

सासूला होता म्हणून सुनेला होईल, हे कोणत्या शास्त्रात बसतं ते मला कळलेलं नाही. तुमचं-त्यांचं रक्ताचं नातं नाही, आणि हा कॅन्सर मुळात वारशानं चालत येणारा नाहीच. तो एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. शरीरसंबंधातून तो बहुतेकांना कधी ना कधी लागतो आणि बहुतेकांच्या अंगातून एक-दोन वर्षांत आपोआप जातो. काहींच्यात तो राहतो, आणि पेशी बिघडत बिघडत कॅन्सर व्हायला साधारण दहा-पंधरा वर्षं लागतात. एवढ्या अवधीत बिघाड सापडला तर तोंडावरचा तेवढाच भाग जाळून किंवा काढून टाकता येतो. पिशवी जागेवर राहते.

पांढरं जाणं हे बहुतेक वेळा जंतुसंसर्गाचं लक्षण असतं. तपासून औषध घ्यायचं, आणि संसर्गाचा प्रकार बघून गरज पडली तर नवऱ्यालाही द्यायचं. फडात पाणी नाही, आडोसा नाही, बदलायला कपडा नाही, मग पांढरं जाणार नाही तर काय होईल? त्यावर पिशवी काढणं हा उपाय कसा झाला? तुमच्या जिल्ह्यात हे किती झालंय ते तुम्हाला माहीतच आहे. २०१९ मध्ये विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढं आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यानंतर बीड जिल्ह्यात पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचं बंधन आलं. त्या डॉक्टरांना सरळ विचारा, ‘परवानगीचा कागद कधी काढायचा?’ उत्तर काय येतं ते मला कळवा.

चौतिसाव्या वर्षी पिशवी काढली की अंडाशयं ठेवली तरी ती लवकर थकण्याची शक्यता वाढते. अंडाशयंही काढली तर दुसऱ्या दिवसापासून म्हातारपणाची हाडं. कंबर धरते, अंगातून वाफा निघतात, आणि ऊस तोडणाऱ्या बाईला कंबर गेली म्हणजे मजुरी गेली. त्याहून वाईट एक आहे. तोंडाची तपासणी न करताच पिशवी काढली आणि आत खरोखर कॅन्सर निघाला, तर ती साधी शस्त्रक्रिया त्याला पुरत नाही. शेक द्यावे लागतात ते लागतातच, शिवाय पिशवी गेल्यामुळे आतले शेक नीट बसवणं अवघड होतं. कॅन्सरच्या धास्तीनं काढलेली पिशवी कॅन्सरच्याच उपचाराला नडते.

तुम्ही करायचं ते एवढंच, की पिशवीच्या तोंडाची तपासणी. सरकारी कार्यक्रमात तिशीच्या पुढच्या बायकांची दर पाच वर्षांनी आरोग्य केंद्रात तपासणी धरलेली आहे. व्हिनेगरसारखं द्रावण तोंडाला लावून मिनिटभरानं बघतात. पांढरा डाग उठला तर पुढची तपासणी. दुखत नाही, भूल लागत नाही, तुम्ही चालत घरी येता. एचपीव्हीची तपासणी मिळत असेल तर ती जास्त भरवशाची. आणि याचा सगळ्यात भक्कम पुरावा तुमच्या शिवेपलीकडचाच आहे, हे आपल्याकडं फार थोड्यांना ठाऊक असतं. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांत १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांना घेऊन एक अभ्यास झाला. २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष जगभर गाजले. ज्या गावांत आयुष्यात फक्त एकदा एचपीव्ही तपासणी केली, तिथं या कॅन्सरचे मृत्यू तपासणी न झालेल्या गावांच्या मानानं जवळपास निम्मे झाले. नुसतं द्रावण लावून बघितलेल्या गावांत तिथं तेवढा फरक दिसला नाही, पण मुंबईच्या वस्त्यांतल्या दुसऱ्या मोठ्या अभ्यासात त्याच तपासणीनं मृत्यू कमी झाले. तेव्हा जे मिळेल ते करून घ्या. एचपीव्हीची वाट बघत बसू नका.

कोरोनात सगळ्यात आधी बंद पडली ती हीच तपासणी. वर सांगितलेल्या ४१ रुग्णालयांपैकी ७० टक्क्यांहून जास्त ठिकाणी ती पूर्ण थांबली होती किंवा पाव क्षमतेच्याही खाली चालली होती. शेक थांबले तर पेशंट ओरडतो. तपासणी थांबली तर कुणीच ओरडत नाही, कारण बाई धडधाकट असते. त्या दोन वर्षांत ज्यांची तपासणी राहिली त्यातल्या कितीतरी जणींची आजही राहिलेलीच आहे. तुमच्या टोळीतल्या बायका त्यात असणार. एकटी जाऊ नका, आशाताईला सांगून चार-पाच जणींना घेऊन जा, पण कोयता बांधायच्या आधी. एकदा गाड्या निघाल्या की विषय पुढच्या उन्हाळ्यावर जातो. पाळी सुरू असेल तर ती संपल्यावर जा.

घरात मुलगी असेल आणि ती ९ ते १४ वर्षांत असेल तर एचपीव्हीची लस द्या. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक जानेवारी २०२३ मध्ये आली. या वयात तिचे सहा महिन्यांच्या अंतरानं दोन डोस असतात. सरकारी दवाखान्यात ती मिळते का, याची चौकशी तपासणीला जाल तेव्हाच करून टाका. तुमची दोन्ही लेकरं मुलगे असतील तर हा परिच्छेद तुमच्या नणंदेला वाचून दाखवा.

आत्याबाईंना नेताना नवऱ्याला सोबत घ्या. आतून तपासणीच्या वेळी तुम्ही आत आणि ते बाहेर फाईल धरून, अशी वाटणी करा. सोनोग्राफीचं उत्तर आलं की मला लिहा, त्यात डॉपलरचा कागद आणि क्रिएटिनिनचा आकडा तेवढा नक्की टाका.